शोधयंत्रांसाठी संकेतस्थळाची नोंद कुठे करावी?

बंगळुरू : बसवनगुडीतील गांधी बाजारासारख्या जुन्या पेठेतील दुकानाचे संकेतस्थळ ग्राहकाला सापडावे, यासाठी ‘शेकडो शोधयंत्रांत नोंद’ करून देणाऱ्या सशुल्क सेवेची आवश्यकता नसते. निर्देशिकांचा काळ आता मागे पडला आहे. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस, तर स्वयंसेवकांनी जोपासलेली डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाली.

सध्या गूगल सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स या दोन निःशुल्क सुविधा प्रामुख्याने उपयुक्त ठरतात. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यानंतर तेथे साइटमॅप, म्हणजेच पानांची यादी, सादर करता येते. डकडकगोचे निकाल बहुतांशी बिंगवर आधारित असल्याने तेथे वेगळ्या नोंदीची गरज भासत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या इंडेक्सनाऊद्वारे पानांतील बदलांची सूचना बिंग व यांडेक्सला तत्काळ देता येते.

प्रत्यक्ष दुकान असल्यास गूगल बिझनेस प्रोफाइलला प्राधान्य द्यावे. पत्ता, वेळा व दूरध्वनी क्रमांक त्यामुळे नकाशावर दिसतात.

मात्र, सादर केलेले प्रत्येक पान शोधनिकालांत येईलच, याची हमी गूगल देत नाही. पैसे घेऊन क्रमवारीही उंचावत नाही. त्यामुळे पहिल्या क्रमांकाचे आश्वासन देणाऱ्यांपासून व्यावसायिकांनी सावध राहणे हिताचे ठरते.