लातूरच्या पाण्याचं खरं बिल

आजचा एपिसोड आपल्या लातूरच्या एका बिलाबद्दल.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४. मग मिरजेहून जवळपास ३४० किलोमीटर चालत 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. मे महिन्यात रेल्वेनं ६.२० कोटी लिटरचं सुमारे ४ कोटी रुपयांचं बिल धाडलं. मी भागाकार केला, लिटरमागे ६५ पैसे पडले.

आता याच जिल्ह्यातला ऊस बघा. त्या हंगामात एफआरपी क्विंटलला २३० रुपये, आणि कारखाना ऊस नेणार हा भरवसा. तुरीला हमीभाव असतो, पण खरेदी केंद्र वेळेत सुरू होईलच असं नाही. पंपाची वीज सवलतीत, तीही बऱ्याच ठिकाणी हॉर्सपॉवरवर. म्हणजे मोटर दोन तास चालवा नाहीतर आठ तास, बिल तेवढंच! बोअरच्या पाण्याला तर दरच नाही. मग शेतकऱ्यानं ऊस लावला तर त्याचं काय चुकलं? त्याचा हिशोब बरोबरच आहे, चुकलेत ते सरकारी दर.

२०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. पंजाबनं २०१८ साली वेगळी वाट धरली. तिथल्या योजनेत कोट्यापेक्षा कमी वीज वापरली, की वाचलेल्या युनिटमागे ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. अनुदान तेच, फक्त ते उपसण्याऐवजी वाचवण्याला.

आपल्याकडे वाचवलेल्या पाण्याला भाव नाही. तो लागेपर्यंत पुढच्या दुष्काळाचं बिल चढतच राहणार.