आधी खुर्ची, मग रेषा

टीव्हीच्या दुकानात आपण पडद्यापासून दोन फुटांवर उभे राहतो आणि घरी आणल्यावर आठ फुटांवर बसतो. फोर-केची निम्मी विक्री या मधल्या सहा फुटांत होते, असा माझा संशय आहे.

गंमत म्हणजे हाय डेफिनिशनची सुरुवातच अंतरापासून झाली. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीचे संशोधक पुढच्या टीव्हीचा विचार करू लागले. ताकाशी फुजिओ यांच्या गटाने प्रेक्षकांना बसवून पाहिलं: चित्र किती मोठं आणि किती जवळ असलं की आपण तिथेच आहोत असं वाटतं? उत्तर आलं, पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतर. तिथून रेषा जाणवू नयेत, या हिशोबाने ते ११२५ रेषांपर्यंत पोचले. आज आपण रेषा विकत घेतो आणि सोफा होता तिथेच राहतो.

आपल्याकडे दूरदर्शनच्या ६२५ रेषा होत्या, त्यातल्या चित्राच्या ५७६. १९८७मध्ये 'रामायण' लागलं की एका टीव्हीसमोर शेजारपाजार बसायचा. मागच्या रांगेला रेषा कुठून दिसणार? चित्र बिघडलं की दोष अँटेनाचा.

बाबांनी फोर-के घेऊ का विचारलं, तेव्हा मी टेप काढली. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. आठ फुटांवर तो ०.७ मिलिमीटर होतो. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा. म्हणजे फुल एचडीतच आपली नजर संपली. (तुमची फार तेज असेल तर थोडा फरक दिसेल.) फोर-केचा पुरता फायदा घ्यायला साडेतीन फुटांवर बसावं लागतं. आमच्याकडे तिथे टीपॉय आहे.

तरी फोर-के म्हणजे फसवणूक नव्हे. २०१२च्या अल्ट्रा एचडी मानकात रंगांचा पल्लाही वाढला, मग एचडीआर आलं. सावलीतला चेहरा आणि खिडकीबाहेरचं ऊन एकाच चित्रात नीट दिसणं, हे आठ फुटांवरूनही कळतं. पण खोक्यावर ठळक छापतात पिक्सेलचाच आकडा. आणि नेट मंदावलं की ॲप गुपचूप खालच्या दर्जाचं चित्र पाठवतं. मग पावसाच्या दृश्यात चौकोन नाचतात, टीव्ही कितीही के असो.

एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला एट-के प्रक्षेपण सुरू केलं. त्यांचा हिशोब पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट अंतराचा आहे. ५५ इंची टीव्हीपुढे ते होतं वीस इंच.