पाव आणि प्पांग

पीठ पायाने तुडवतात म्हणून ‘पाव’, हे लहानपणी ऐकलेले. चौघांच्या लादीतला चौथा हिस्सा म्हणून ‘पाव’, ही उपपत्ती पुढे कानी आली. दोन्ही रंजक, दोन्ही चुकीच्या. आपला पाव पोर्तुगीजांच्या ‘पांव’वरून आला आणि तो लॅटिन ‘पानिस’चा वंशज. त्याचा एक भाऊ मात्र फार दूर, कोरियात नांदतो. तिथे पावाला ‘प्पांग’ म्हणतात.

पोर्तुगीजांनी कोरियावर कधी राज्य केले नाही. मग शब्द पोचला कसा? १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोचला. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले. त्यांचा ‘पान’ हा शब्द मात्र राहिला. कोरियात पावासाठी आधी चिनी वळणाचा ‘म्योनपो’ हा शब्द होता. १९१० ते १९४५ तिथे जपानची सत्ता होती. त्या राजवटीबरोबर आलेला ‘पान’ कोरियन जिभेवर ‘प्पांग’ झाला आणि ‘म्योनपो’ मागे पडला.

ध्वनींची वाटणीही पाहण्यासारखी आहे. मूळ शब्दाच्या अखेरीस अनुनासिक आणि ‘व’ एकत्र नांदतात. मराठीने ‘व’ ठेवला, अनुनासिक सोडले. जपानी आणि कोरियनने अनुनासिक ठेवले, ‘व’ सोडला. एकाच शब्दाचे दोन अर्धे भाग दोन दिशांना गेले.

स्वातंत्र्यानंतर कोरियनमधून जपानी शब्द काढण्याची मोहीम झाली. जेवणाच्या डब्याचा ‘बेन्तो’ गेला, ‘दोशिराक’ आला. ‘प्पांग’ मात्र टिकला. तो मुळात पोर्तुगीज, असे म्हणता येते आणि ते खरेही आहे. पण ते निम्मे खरे. मूळ लिस्बनचे असले तरी वाट टोकियोची होती. शब्दाचे मूळ सांगून वाट गाळली, तर पारतंत्र्याची ती पस्तीस वर्षेही गाळली जातात. व्युत्पत्ती लिहिणाऱ्याने हे करू नये, असे मला वाटते.

तरीही शब्द वाटेवर अडून राहत नाही. कोरियात माशाच्या आकाराच्या साच्यात भाजलेला, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड सारण भरलेला ‘बुंगओप्पांग’ हिवाळ्यात रस्तोरस्ती मिळतो. सगळे एकाच साच्यातले. म्हणून मूल हुबेहूब बापासारखे दिसले, की कोरियन माणूस त्याला ‘बुंगओप्पांग’ म्हणतो. परका शब्द घरच्या लेकराचे कौतुक करू लागला, की तो घरचाच झाला.