उपग्रहांचा शेजारधर्म

इ. स. १८३३ पासून लंडनजवळील ग्रीनिच वेधशाळेच्या माथ्यावरून रोज दुपारीं १ वाजतां एक मोठा गोळा खालीं सोडण्यांत येऊं लागला. टेम्स नदींतील जहाजांचे कप्तान तो पाहून आपलीं घड्याळें जुळवून घेत. बंदर सुटलें म्हणजे मात्र सारी भिस्त त्या घड्याळावरच. भर समुद्रांत दुसरें जहाज भेटलें, तर दोघे कप्तान आपापल्या गणिताचा ताळा एकमेकांशीं पाहत.

उपग्रहांच्या साह्यानें स्थान सांगणाऱ्या विद्येचा इतिहासही याच वाटेनें गेलेला आहे. अशा प्रत्येक उपग्रहावर अणु-घड्याळ असतें. त्याचा रेडिओ-संदेश भूमीवर पोहोंचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढितात. हा संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर, धांवतो. तेव्हां सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून भूमीवरील केंद्रें प्रत्येक उपग्रहाचें घड्याळ व कक्षा तपासून दुरुस्त आंकडे वर पाठवीत असतात. अमेरिकेनें १९७८ सालीं जी. पी. एस. मालेंतील पहिला उपग्रह सोडला, तेव्हांपासूनची ही पद्धत आहे.

परंतु भूमीवरूनच चूक झाली तर? एप्रिल २०१४ च्या आरंभीं रशियाच्या ग्लोनास मालेस कक्षेचे चुकीचे आंकडे पाठविले गेले, आणि सुमारें अकरा तास तिचा भरंवसा धरतां येईना. उपग्रह धडधाकट होते. चुकली होती ती त्यांना मिळालेली शिकवण.

अशा प्रसंगीं उपयोगी पडेल असा उपाय पूर्वींच सुचला होता, आणि तो जुन्या कप्तानांचाच होता. उपग्रहांनीं एकमेकांमधील अंतर रेडिओनें मोजावें व आपलें गणित पडताळून पाहावें. १९९७ पासून अमेरिकेनें सोडलेल्या नव्या उपग्रहांत, भूमीशीं संपर्क तुटला तरी १८० दिवस काम निभावण्याची योजना होती. तथापि जगभर पसरलेलीं केंद्रें हाताशीं असल्यानें त्या देशास तिची निकड भासली नाहीं.

चीनला मात्र ती भासली. त्याचीं केंद्रें मुख्यतः स्वदेशांतच. उपग्रह पृथ्वीच्या पलीकडे गेला कीं त्यांच्या दृष्टीआड होई. म्हणून २०१५ पासून प्रयोग करून त्यानें २०२० सालीं बैदू मालेची ३० उपग्रहांची नवी पिढी पुरी केली. तींत केंद्रासमोर असलेला उपग्रह दृष्टीआडच्या भावंडास ताजे आंकडे पोहोंचवितो, आणि परस्परांतील अंतरें मोजून कक्षेचें गणितही अधिक नेमकें होतें. भारताच्या नाविक मालेचे उपग्रह भारतीय केंद्रांच्या सदैव दृष्टीसमोर राहतात. त्यामुळें ही अडचण तिला आली नाहीं.

या शेजारधर्मासही मर्यादा आहे. साऱ्या उपग्रहांच्या गणितांतील जागा पृथ्वीभोंवतीं एकाच कोनानें फिरल्या, तर परस्परांतील अंतरें तींच राहतात, आणि चूक कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. ती ओळखण्यास भूमीवरील केंद्रच हवें. दोन जहाजांचें गणित जुळलें, म्हणून तें खरें असतेंच असें नाहीं. अखेर बंदरावरचा गोळा पाहावाच लागतो.