उन्हाळ्यात पाण्याशी खेळताना मुलं काय शिकतात?

धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात मे महिन्यात पाण्याशी खेळणं म्हणजे उधळपट्टीच वाटते. पण सावलीत ठेवलेली एक बादली पुरते.

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर पसरट वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं, की ते बहुधा म्हणतं, 'पाणी वाढलं!' पाणी तेवढंच आहे, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं. रिकामी स्टीलची वाटी तरंगते, तीच भरली की बुडते. हे कोडं तर मोठ्यांनाही अडवतं. उरलेलं पाणी झाडाला घालावं.

शेततळ्यात मात्र मुलांना अजिबात उतरू देऊ नये. तिथलं प्लास्टिकचं अस्तर इतकं निसरडं असतं, की पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येणं कठीण जातं. लहानग्यांना भरलेल्या बादलीजवळही एकटं सोडू नये.