आधी कुत्र्याला, मग माणसाला

कुत्रं चावलं की आपल्या भोर-वेल्ह्याकडची जुनी माणसं अजून विचारतात, "पोटात चौदा घ्यायची का गं?" ती चौदा इंजेक्शनं आली कुठून आणि गेली कुठे, हे आम्ही बचत गटाच्या बायका आज सांगणार आहोत. या इतिहासात आपल्या दारातल्या कुत्र्याचा मोठा वाटा आहे.

पिसाळण्यावरची, म्हणजे रेबीजवरची लस फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी शोधली. ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती टोचली आणि पोरगं वाचलं. पण त्याआधी ५० कुत्र्यांना ती देऊन झाली होती. अंगात प्रतिकारशक्ती आली का, हे बघायला तेव्हा एकच उपाय होता. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगात मुद्दाम रोग घालायचा आणि ते जगतं का, याची वाट बघायची. माणसाचा जीव वाचला तो त्या मुक्या जिवांच्या परीक्षेवर.

आपल्या देशात १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली नवी लस काढली. पुढे आपल्याकडे ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची. पोटातली चौदा इंजेक्शनं ती हीच. तिनं पुष्कळ माणसं वाचली, पण मेंदूचा अंश असल्यानं काहींना लसीनंच लकवा व्हायचा. २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन बंद झालं. आता दंडात चार-पाच इंजेक्शनांत भागतं.

कुत्र्याची परीक्षाही बदलली. आता थोडं रक्त प्रयोगशाळेत तपासतात. एका मिलिलिटरमागे ०.५ एकक किंवा जास्त प्रतिपिंडं निघाली, की लस लागू पडली असं धरतात. परदेशी न्यायच्या कुत्र्यांना बऱ्याच देशांत ही तपासणी लागते. वाडीवरच्या कुत्र्याला तिची गरज नाही. त्याला वेळेवर लस हवी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी. एकदा टोचली म्हणजे जन्माची चिंता मिटली, असं होत नाही.

एकट्या आपल्या कुत्र्याला देऊनही भागत नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यानं हे करून दाखवलं. घरची-रस्त्यावरची कुत्री धरून लस दिली, तेव्हा कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. तीन वर्षांत रेबीजनं एकही माणूस दगावला नाही, असं २०२१ साली तिथल्या सरकारनं जाहीर केलं.

रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रं चावलं, तर जखमेवर मिरची नको, चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. वाडीत कुत्री किती, लस किती जणांना, कोणत्या तारखेला. दहातली सात झाली का, ते मोजा. उरलेल्या तिघांसाठी जनावरांच्या डॉक्टरांना आपणच बोलावू.