फियाट टिकली कशामुळे?

मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी नोंदवली गेली. टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा २० वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी रीतसर रस्त्यावरून उतरली. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच होती. तिच्याविषयी बोलताना दोन गोष्टी हमखास म्हटल्या जातात: गाडी दणकट होती, आणि आपले मिस्त्री जुगाडात तरबेज होते. मला ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात. रात्रंदिवस पाळीने चालणारी, चौकाचौकात थांबत तापणारी, पावसाळ्यात पाण्यातून जाणारी गाडी नुसत्या दणकटपणावर वीस-वीस वर्षे निघत नाही, आणि तात्पुरती डागडुजी करून तर मुळीच निघत नाही. फियाट टिकली ती दोष नेमका हुडकण्याची एक शिस्त गॅरेजांमधून रुजली म्हणून. ही शिस्त रुजण्यामागे मिस्त्र्यांच्या हुशारीइतकाच त्या काळच्या औद्योगिक धोरणाचा हात होता.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या मोटारी आणि ट्रक जुळवले जात. इटलीच्या फियाटशी करार नंतर झाला. १९५०च्या दशकात सरकारने ठरवले की परदेशी सुटे भाग आणून इथे नुसत्या गाड्या जुळवणाऱ्यांनी एकतर भाग इथेच बनवावेत, नाहीतर धंदा आवरावा. १९२८ पासून शिवडीत गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने तेव्हा काम बंद केले. उरलेल्या मोजक्या उत्पादकांना परवान्याचे बंधन होते, पण स्पर्धेची धास्ती नव्हती. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट पुढच्या दशकात पद्मिनी झाली. बॉनेटखालचे १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मात्र मूळचेच राहिले. गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या ग्राहकाची यात कुचंबणा झाली. मिस्त्रीला मात्र तेच इंजिन पुन्हा पुन्हा उघडायला मिळाले. दादरला शिकलेले काम कुर्ल्यातही चाले, उस्तादाने शिकवलेले त्याच्या शागिर्दाच्या शागिर्दालाही उपयोगी पडे. ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत नवा भाग आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना भाग मिळत असे. ज्ञान साचायला विषय स्थिर लागतो, आणि फियाट तब्बल तीन-साडेतीन दशके स्थिर राहिली.

आता ही शिस्त म्हणजे काय, ते पाहू. जास्त पळालेल्या गाडीचा पहिला प्रश्न असा की ती किती पळाली हेच कळत नाही. जुने मीटर बहुधा पाच आकडी. लाख किलोमीटर झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यामुळे मिस्त्री मीटरवर विसंबत नसे, पुरावा पाही. गाडी निळा धूर सोडते म्हणजे ऑइल जळते आहे, इतके कोणीही सांगेल. पण ते कुठून जळते? सतत चढावर, जोर देताना धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच भपकारा आला तर व्हॉल्व्हच्या गाइडवर संशय. खात्री हवी तर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचे आणि कॉम्प्रेशन पुन्हा तपासायचे. ते वाढले तर रिंगा गेल्या, तसेच राहिले तर दोष व्हॉल्व्हकडे. एका निदानात इंजिन पूर्ण उतरवून बोअर करावे लागते, दुसऱ्यात हेडच्या कामावर भागते. टॅक्सीवाल्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा फरक त्यात आहे. गाडी मिसिंग करत असेल तर एकेका प्लगची वायर काढून पाहायची. जी काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच बंद पडलेला. ठोका ऐकू येत असेल तरी हीच युक्ती: वायर काढताच ठोका मंदावला तर बेअरिंगकडे बघायचे, बदलला नाही तर टॅपेटकडे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून आवाजाची जागा शोधत. प्लगचा रंगही साक्ष देई: तपकिरी असेल तर ठीक, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, ओला आणि तेलकट असेल तर पुन्हा रिंगांचा किंवा गाइडचाच प्रश्न. मे महिन्यात वाहतुकीत अडकून गाडी बंद पडली तर पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे हे ओळखूनच तो इलाज केला जाई. याला मी जुगाड म्हणणार नाही. एकेक शक्यता कसोटी लावून बाद करत जाणे ही प्रयोगशाळेतलीच रीत आहे, ती ऑइलने माखलेल्या हातांनी पाळली जात होती एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळेच मिस्त्री असे नव्हते. मान्य आहे. अंदाजाने कार्बोरेटर बदलायला लावणारे आणि दोष मात्र डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये निघणारे कामही भरपूर झाले. पण टॅक्सीच्या धंद्यात ते लपत नसे. गाडी उभी राहिली की कमाई थांबते, आणि त्याच नाक्यावरचे दहा चालक तीच गाडी चालवतात. चुकीचे निदान दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टँडला ठाऊक होई. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशा दुरुस्तीने धूर ओकणाऱ्या गाड्यांचे आयुष्य वाढले आणि शहराने तो धूर श्वासात घेतला. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०००च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या टॅक्सींना सीएनजी बसवावा लागला, तो योग्यच होता, आणि वयाची मर्यादाही योग्य होती. नीट लावलेली फियाटसुद्धा नव्या गाडीइतकी स्वच्छ होऊ शकत नाही. मात्र त्या बदलातही हेच ज्ञान उपयोगी पडले. गॅस पेटायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे पेट्रोलवर खपून जाणारे कोईल, वायर आणि प्लगचे दोष गॅसवर उघडे पडू लागले. ठिणगीचा मार्ग पायरीपायरीने तपासणारा मिस्त्रीच ते निस्तरू शकला.

आज स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो, मग जुन्या रीतीची गरज काय, असेही विचारले जाते. स्कॅनर सांगतो की अमुक सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. तो प्लगमुळे, कोईलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे अजूनही माणसालाच शोधावे लागते. लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत तर अनेक भाग एकाच वेळी थोडेथोडे झिजलेले असतात आणि क्रमांक वाचून भाग बदलत गेल्यास मालक बुडतो. क्रमांक हा तपासाचा आरंभ आहे, त्याला शेवट मानणारे गॅरेज ग्राहकाचे पैसे वाया घालवते.

मुंबईतल्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक पद्मिनी तरी जतन करावी अशी मागणी केली होती. ती मान्य व्हावीच, पण उभ्या गाडीतून ही विद्या कळणार नाही. फियाटची इंजिने उघडलेले मिस्त्री अजून आपल्यात आहेत. मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आयटीआयनी त्यांना वर्गात बोलवावे, चालत्या इंजिनापुढे उभे करावे आणि ते काय ऐकतात, काय आधी तपासतात, काय नंतर, हे मराठीत नोंदवून घ्यावे. हे काम आत्ताच हाती घ्यायला हवे.